बाथरूम, जिना आणि मागचं अंगण: मोशन सेन्सर नेमका कुठे चुकतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अकोल्याला तीन मजली इमारत. जिन्यात प्रत्येक मजल्यावर एक, बाथरूममध्ये एक आणि मागच्या अंगणात एक, असे पाच मोशन सेन्सर एकाच दुकानातून आणून एकदमच बसवले. बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन आहे आणि तिथला दिवा अंघोळ चालू असतानाच विझतो. अंगणातला रात्री कोणी नसताना लागतो. जिन्यातले हिवाळ्यात झकास चालले, पण मे लागल्यापासून माणूस अर्धा जिना चढून गेला तरी ढिम्म. तर आता कुठल्या कंपनीचे घ्यावेत?

कंपनी तूर्त बाजूला ठेवा. तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी मूळ एकच आहे. या सेन्सरला माणूस कळत नाही, फक्त उष्णतेतला फरक कळतो, आणि तोही तो फरक एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकला तरच. दुसऱ्या कंपनीचा आणून त्याच खिळ्यावर टांगलात तर तोही तसाच वागेल.

सेन्सरच्या तोंडावर पांढरट प्लास्टिकची टोपी असेल आणि तिच्यावर माशीच्या डोळ्यासारख्या बारीक चौकटी असतील, तर तो पीआयआर जातीचा. घरात बसणारे बहुतेक हेच असतात. कातडीचं तापमान साधारण ३३ अंश धरलं तर शरीरातून जी अवरक्त (डोळ्यांना न दिसणारी) उष्णता बाहेर पडते तिचा जोर ९ ते १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास असतो. टोपीच्या आत नखाएवढा धातूचा डबा असतो, त्याच्या खिडकीवर साधारण ५ ते १४ मायक्रॉनच आत सोडणारी गाळणी आणि गाळणीमागे दोन चिमुकल्या संवेदक पट्ट्या. या दोन पट्ट्या एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या असतात. खोली सगळीकडून सारखी तापली तर दोघींवर सारखाच परिणाम होतो आणि हिशेब शून्यावर येतो. उष्ण वस्तू आधी एकीसमोर आणि मग दुसरीसमोर आली, की तोल आधी इकडे, मग तिकडे जातो. हा झोका दिसला की रिले (सेन्सरच्या आतला आपोआप चालणारा स्विच) ओढला जातो आणि दिवा लागतो.

टोपीवरच्या चौकटी म्हणजे एकेक छोटं भिंग. या चौकटी खोलीचे हाताच्या बोटांसारखे पट्टे पाडतात: एक पट्टा दिसणारा, मधला न दिसणारा, पुन्हा एक दिसणारा. तुम्ही सेन्सरसमोरून आडवे गेलात की पटापट पट्टे ओलांडता आणि दिवा लगेच लागतो. सरळ सेन्सरच्या अंगावर चालत आलात तर बराच वेळ एकाच पट्ट्यात राहता, म्हणून दिवा फार उशिरा लागतो. लांब पॅसेजच्या टोकाला, दाराच्या बरोबर समोर सेन्सर लावणं ही चूक इतकी सर्रास दिसते की खोक्यावर तसंच छापलं असावं असं वाटतं. तोच सेन्सर पॅसेजच्या बाजूच्या भिंतीवर, दारापासून दीड-दोन मीटरवर आणा. फरक त्याच संध्याकाळी दिसेल.

आता मे महिना. खोक्यावरचा ६ मीटरचा पल्ला २४-२५ अंश तापमानातला असतो. तेव्हा कातडी आणि भिंत यांच्यात ८-१० अंशांचा फरक असतो. अकोल्यात मे महिन्यात रात्री आठला जिन्याची भिंत दिवसभराची उष्णता ओकत असते, तीच ३४-३५ अंशांवर. माणूसही तेवढाच. सेन्सरच्या लेखी भिंतीपुढून भिंतच सरकली. गंमत म्हणजे भर दुपारी पश्चिमेची भिंत ४२-४३ अंशांवर गेली असेल तर हाच सेन्सर पुन्हा नीट चालू शकतो, कारण आता माणूस भिंतीपेक्षा गार दिसतो आणि फरक कुठल्या दिशेचा आहे याच्याशी सेन्सरला देणंघेणं नाही. त्याचे वाईट तास म्हणजे दोन्ही तापमानं जुळतात ते, आणि विदर्भात ते नेमके संध्याकाळी, दिवा हवा असतो तेव्हाच येतात.

याला जिन्यात दोन उपाय. पहिला, सेन्सर मधल्या चौकाच्या भिंतीवर २.२ ते २.५ मीटर उंचीवर घ्या, म्हणजे वर जाणारा आणि खाली येणारा दोघंही त्याच्यासमोरून आडवे आणि दोन-अडीच मीटरच्या आतून जातील. जवळून गेलेला माणूस सेन्सरच्या नजरेत मोठा दिसतो, त्यामुळे थोडासा फरकही पुरतो. छताला टांगलेला ३६० अंशांचा सेन्सर २.७ मीटर उंचीवरून साधारण ३ मीटर त्रिज्येपर्यंतच भरवशाचा. जिन्याची उतरती पायरी त्याच्यापासून आणखी लांब जाते हे विसरलं जातं. दुसरा उपाय, जिन्यात मायक्रोवेव्ह सेन्सर. हा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किती बदलली ते मोजतो. माणूस सेकंदाला एक मीटर चालला तर बदल जेमतेम ३९ हर्ट्झचा, पण तेवढा त्याला पुरतो. तापमानाचा त्याला काही फरक पडत नाही. शिवाय याची सवय पीआयआरच्या बरोबर उलटी: अंगावर येणारा माणूस उत्तम दिसतो, आडवा जाणारा कमी. जिन्यासाठी मी आता हाच सुचवतो, पण एका अटीवर. याच्या लहरी लाकडी दारातून, काचेतून, पातळ भिंतीतून आरपार जातात. संवेदनशीलतेचं बटण पूर्ण फिरवलेलं असेल तर शेजारच्या हॉलमधला पंखा फिरतोय म्हणून जिन्यातला दिवा रात्रभर जळेल. बटण सगळ्यात कमीवर ठेवून सुरुवात करा आणि गरजेपुरतंच वाढवा.

बाथरूमकडे येऊ. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. साधी काच आपल्या डोळ्यांना पारदर्शक असली तरी या लांब तरंगलांबीच्या उष्णतेला ती भिंतच आहे. तुम्ही पार्टिशनमागे गेलात की सेन्सरच्या लेखी घराबाहेर गेलात. (म्हणूनच खिडकीच्या आतून बाहेरचं फाटक ‘पाहणारा’ पीआयआर कधीच चालत नाही.) त्यात गरम पाण्याने काच आणि फरशी तापून फरक आणखी कमी होतो. आणि पार्टिशन नसतं तरी, पाटावर बसून अंघोळ करणाऱ्याचा हात तेवढा हलतो, कमोडवर बसलेल्याचा तोही नाही. वेळेचं बटण एका मिनिटावर असेल तर अंधार ठरलेलाच.

आधी वेळ ८ ते १० मिनिटांवर न्या. बहुतेक छताच्या सेन्सरमध्ये ही वेळ १० सेकंदांपासून १५ मिनिटांपर्यंत बदलता येते आणि प्रत्येक नवी हालचाल दिसली की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. मग सेन्सर पार्टिशनच्या बरोबर वर, छताला घ्या, म्हणजे त्याला दोन्ही बाजू दिसतील. तिथे वाफ लागणार, म्हणून किमान आयपी४४ (पाण्याचे शिंतोडे सोसणारा) लिहिलेला घ्या. इथे मायक्रोवेव्ह लावायचा मोह टाळा. प्लास्टिकच्या पाइपातून पाणी वाहिलं तरी तो ते हालचाल म्हणून धरतो. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की तुमचा दिवा लागेल. २४ गिगाहर्ट्झचे नवे ‘प्रेझेन्स’ सेन्सर श्वासाने होणारी छातीची हालचालही ओळखतात, स्थिर बसलेल्या माणसासाठी ते खरोखर चांगले. पण एक्झॉस्ट फॅनचं पातं त्यांच्या नजरेत येता कामा नये.

खरं सांगायचं तर बाथरूममध्ये सेन्सर कशासाठी, हे आधी ठरवा. वीज वाचवायला असेल तर हिशेब पाहा. ९ वॉटचा बल्ब रोज दोन तास जळला तर वर्षाला साधारण साडेसहा युनिट. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. त्याचा खप अर्धा वॉट धरला तरी वर्षाला ४.४ युनिट त्याचेच. वर प्रत्येक वेळी दहा मिनिटं दिवा उगाच जळणार. म्हणजे बचत नाहीच, झालं तर नुकसान. उलट जिन्यातला तोच बल्ब रात्री बारा तास जळत असेल तर वर्षाला ३९ युनिट. सेन्सरने तो दीड तासावर आला तर सेन्सरचा खप धरूनही साडेनऊच्या आत. तिथे बल्बामागे ३० युनिट वाचतात. बाथरूममध्ये सेन्सर हवा तो ओल्या हाताने बटण दाबायला नको म्हणून, किंवा रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी. तसं असेल तर सेन्सर राहू द्या आणि जुनं बटण त्याला समांतर जोडून घ्या: बटणाचं एक टोक फेजला, दुसरं दिव्याकडे जाणाऱ्या वायरीला. अंघोळीला जाताना बटण दाबलं की सेन्सरला काय वाटतंय याचा प्रश्नच उरत नाही.

अंगणातला दिवा कोणी नसताना लागतो म्हटलं की घरातल्यांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकते. बऱ्याचदा खरीखुरी पालच असते. टोपीवरून पाल किंवा कोळी सरकला तर तो एकेक भिंग झाकत जातो आणि सेन्सरला ते समोरून माणूस गेल्यासारखंच भासतं. दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाली, म्हणून दिव्याला चिकटून बसवलेला सेन्सर यात जास्त सापडतो. बाकी कारणं अशी: दिवसभर तापलेल्या भिंतीपुढे किंवा पत्र्यापुढे हलणारी गार पानं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, कुलरचा झोत, मांजर, आणि कंपाउंडपलीकडून जाणारी गरम इंजिनाची गाडी. माणूस सहा मीटरवर दिसतो, पण बस किंवा ट्रक मोठा आणि जास्त गरम असल्याने पंधरा मीटरवरूनही दिसू शकतो.

यातलं नेमकं कुठलं, हे शोधायला एक सोपी रीत आहे. टोपी पूर्ण झाकेल असा पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावा आणि एक रात्र तसंच ठेवा. तरीही दिवा लागला तर दोष बाहेरचा नाही, विजेचा आहे: न्यूट्रल सैल आहे, त्याच लाइनवरची मोटर किंवा फ्रिज सुरू होताना झटका देतोय, किंवा वाय-फायचा राउटर अगदी शेजारी आहे (स्वस्त सेन्सर त्याने बिथरतात, निदान एक मीटर लांब ठेवा). पुठ्ठा असताना दिवा लागला नाही तर कारण नजरेच्या टप्प्यात आहे. मग दुसऱ्या रात्री टोपीची फक्त डावी बाजू झाका, तिसऱ्या रात्री उजवी, चौथ्या रात्री वरचा भाग. जो भाग झाकल्यावर दिवा शांत राहिला त्या दिशेला कडुनिंब आहे, रस्ता आहे की कुलर, ते सकाळी जाऊन पाहायचं. नंतर टोपी उघडून तेवढ्याच भागाला आतून काळी इन्सुलेशन टेप लावून टाका. ती कायमची राहिली तरी हरकत नाही. मांजर-कुत्र्यासाठीही हाच उपाय, फक्त जमिनीकडे पाहणाऱ्या चौकटी झाकायच्या. मांजर मात्र भिंतीवरून चालत आलं तर इलाज नाही.

शिवाय अंगणातला सेन्सर थोडा खाली झुकवा, म्हणजे त्याचे पट्टे सहा-सात मीटरवर जमिनीला टेकतील आणि रस्त्यापर्यंत पोचणार नाहीत. वायर खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळण द्या, म्हणजे पावसाचं पाणी वळणावरून टपकून जाईल, डब्यात उतरणार नाही. वरचा सांधा आणि वायरीचं भोक सिलिकॉनने भरा, तळाचं बारीक भोक मात्र उघडं ठेवा. आत साचलेला दमट वारा निघायला तेवढीच वाट असते. पावसाळ्यात छत्री किंवा रेनकोटमधला माणूस सेन्सरला उशिरा दिसला तर दुरुस्तीला काढू नका. ओला रेनकोट हवेइतकाच गार असतो आणि आतला गरम माणूस त्याखाली लपतो.

एक दोष असा आहे की तो पाहून लोक सेन्सरच फेकतात: दिवा विझतो आणि दोन सेकंदांत आपोआप पुन्हा लागतो, रात्रभर हाच खेळ. दिवा सेन्सरच्या नजरेत असला की हे होतं. विझताना दिव्याचं अंग थंड होत जातं, तो बदल सेन्सरला हालचाल वाटतो. किंवा उजेड मोजणारा डोळा दिव्याचाच उजेड पाहून ‘दिवस झाला’ म्हणतो, दिवा बंद करतो, मग ‘रात्र झाली’ म्हणून पुन्हा लावतो. दिवा सेन्सरच्या मागे किंवा बाजूला घ्या, निदान अर्धा मीटर लांब.

जोडणीबद्दल. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये बहुधा तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि लाल दिव्याकडे जाणारी असते, पण रंगांवर विसंबू नका, डब्यावरचं चित्र पाहा. एमसीबी खाली करा आणि मग टेस्टरने पुन्हा खात्री करा. आपल्याकडे छताच्या पॉइंटला बटणातून आलेली फेज आणि न्यूट्रल दोन्ही असतात, म्हणून सेन्सर तिथेच बसतो. भिंतीवरचं बटण मग कायम चालू ठेवायचं (ते वर बाथरूमसाठी सांगितल्यासारखं समांतर जोडलं नसेल तर). बटणाच्या जागी बसणारे दोन वायरींचे सेन्सर न्यूट्रल न घेता दिव्यातूनच स्वतःपुरती वीज ओढतात, त्यामुळे एलईडी बल्ब बंद असतानाही मिणमिणतो. न्यूट्रल मिळत असेल तर तीन वायरींचाच घ्या.

खोक्यावर १२०० वॉट लिहिलेलं असतं ते जुन्या पिवळ्या बल्बसाठी. एलईडीसाठी त्याच खोक्यावर बारीक अक्षरात बहुधा ३०० वॉट असतं, कारण एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट) चालू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो. एका सेन्सरवर पाच-सहा मोठे दिवे टांगले की रिलेचे पॉइंट चिकटतात. खूण ओळखायची ती अशी: दिवा कायम जळतो आणि सेन्सरवर बोटाने टकटक केली की विझतो. तसं झालं तर सेन्सर बदलाच आणि दिवे विभागून घ्या. एक्झॉस्ट फॅन सेन्सरवर लावायचा असेल तर फॅनच्या दोन टोकांना ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमचा तयार स्नबर (विजेचा झटका शोषून घेणारा भाग) जोडायला वायरमनला सांगा.

बसवून झालं की लगेच निघून जाऊ नका. वीज दिल्यावर सेन्सर पहिली ३० ते ६० सेकंदं स्थिरावत असतो, त्या वेळी दिवा आपोआप लागतो. लोडशेडिंगनंतर वीज परत आली की जिन्यातले सगळे दिवे एकदम लागतात ते यामुळेच. ते मिनिट जाऊ द्या. उजेडाचं बटण (किती अंधार झाल्यावर दिवा लागावा ते ठरवणारं) सूर्याच्या चित्रावर आणि वेळ सगळ्यात कमीवर ठेवून चालून पाहा, प्रत्येक ठिकाणी दिवा विझेपर्यंत थांबून पुढे जा. जिथे दिवा लागत नाही तिथे जमिनीवर खडूने खूण करा. दहा मिनिटांत सेन्सरची नजर फरशीवर उतरलेली दिसते. ती पटली की वेळ हवी तेवढी करा, उजेडाचं बटण चंद्रावर न्या आणि संध्याकाळी, दिवा लागावा असं तुम्हाला वाटेल त्या क्षणी ते हळूहळू सूर्याकडे फिरवा. जिथे दिवा लागला तिथे सोडून द्या.

एवढं करून एखादा सेन्सर जास्तीचा उरला तर तो वडीलधाऱ्यांच्या पलंगाखाली लावा: जमिनीपासून २०-३० सेंटीमीटरवर, तोंड पाय टेकतात त्या बाजूला. सोबत १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी पलंगाच्या खालच्या कडेला, वेळ दोन मिनिटं. त्यासाठी सेन्सरही १२ व्होल्टचा लागतो, २३० व्होल्टचा थेट चालणार नाही; तोच वापरायचा असेल तर पट्टीचा अडॅप्टर त्याच्यावर घ्या. रात्री पाय खाली सोडला की पावलापुरता उजेड पडतो, डोळे दिपत नाहीत आणि शेजारचं माणूस उठत नाही. पंखा आणि कुलर दोन्ही त्या सेन्सरच्या नजरेत नाहीत एवढं पाहा.

तुमच्या पाचांपैकी बहुधा एकही बाद नाही. अंगणात आज रात्रीच पुठ्ठा लावून बघा. जिन्यातले मधल्या चौकात आणून आठवडाभर पाहा आणि तरी संध्याकाळी अडत असतील तरच तिथे मायक्रोवेव्हचा खर्च करा. बाथरूमसाठी मात्र छताची उंची किती आणि पार्टिशन छतापर्यंत जातं की वर जागा सोडलेली आहे, ते कळवा. काच छताला भिडलेली असेल तर वर सांगितलेली जागा उपयोगाची नाही, मग समांतर बटणच बरं.